न पाहिलेल्या गावाच्या गोष्टी

माझ्या एका कथेत सहा वर्षांची एक मुलगी न्यू जर्सीतल्या घरात सकाळची न्याहारी करीत बसली होती. २०२२ च्या एका दिवाळी अंकात ती कथा छापून आली आणि पंधरा दिवसांच्या आत अमेरिकेतल्या डॅलस शहरातून एका वाचकाचे पत्र आले. पत्र म्हणजे आजच्या रीतीप्रमाणे ते फोनवरच उमटले. पण ते इतके सविस्तर, इतके शुद्ध आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' अशा थाटाचे होते, की त्याला दुसरे काही म्हणवत नाही. त्या गृहस्थांनी लिहिले होते : "तुमच्या कथेतले आजोबा केडगावात रविवारी सकाळी आठ वाजता फोनपुढे येऊन बसतात. त्या वेळी न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते. उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. तुमची नात त्या वेळी न्याहारी कशी करील? ती झोपलेली असेल. आणि झोपली नसेल तर तिची आई तिच्यावर ओरडत असेल."

मी शाळेत भूगोल शिकवतो. रेखावृत्ताच्या एका अंशाला ४ मिनिटे, आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे आणि त्यावरून पोरांचे गुण कापीत आलो आहे. तोच मी, कथा लिहायला बसलो तेव्हा खुशाल पृथ्वी फिरायची थांबवून मोकळा झालो होतो. आणखी एक चूक त्यांनी दाखवली होती. नातीच्या अंगात मी शाळेचा गणवेश घातला होता. तिथल्या सरकारी शाळांत बहुधा गणवेश नसतो. रविवारी गणवेश कशासाठी, हा प्रश्न त्यांनी सभ्यपणाने विचारला नव्हता. तो मला माझ्या सातवीतल्या मुलीने विचारला.

हे सारे मी हसून सोसले असते. पण पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता, तो हसण्यावारी नेता आला नाही. "आईच्या शेवटच्या आजारात मुलगा आला नाही, एवढेच तुम्ही लिहिले. तो का आला नाही, हे का लिहिले नाही?"

कथेचे नाव 'रविवार'. कथा साधी आहे. केडगावातले एक सेवानिवृत्त गृहस्थ. एकुलता एक मुलगा अमेरिकेत. दर रविवारी सकाळी आठला मुलाचा फोन येतो. आजोबा खाली घरातला पायजमा तसाच ठेवून वर इस्त्रीचा सदरा चढवतात, कारण फोनमध्ये तेवढेच दिसते. २०२१ च्या मे महिन्यात बायको जाते. मुलगा येत नाही. पुढच्या रविवारी आठ वाजता फोन वाजतो, आजोबा सदरा घालतात, समोर बसतात, आणि फोन उचलत नाहीत. संपली गोष्ट. ती लिहून झाली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. लेखकाचे स्वतःच्या लिखाणावर डोळे भरून येणे ही फार विश्वासाची खूण नव्हे, हे मला तेव्हाही ठाऊक असायला हरकत नव्हती.

डॅलसच्या गृहस्थांनी मुलगा का आला नसेल ते मला समजावून सांगितले होते. माणसाला तिथे राहायची मुदत वाढवून मिळालेली असते, पण पारपत्रावरचा शिक्का जुना झालेला असतो. देशाबाहेर पडले की आत शिरण्यासाठी तो इथल्या त्यांच्या वकिलातीतून नवा करून घ्यावा लागतो. नोकरीवाल्यांना कायमचे राहण्याचे जे परवाने देतात त्यांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत. आपल्या लोकांची रांग लांब, म्हणून माणसे वर्षानुवर्षे तात्पुरत्या परवान्यावर संसार करतात. त्यात २३ मार्च २०२० पासून आपल्याकडची नेहमीची परदेशी विमाने बंद झाली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात मोजक्या देशांशी ठराव करून मोजकी विमाने चालत. आणि ४ मे २०२१ पासून तर, आधीच्या १४ दिवसांत जो भारतात राहिला असेल आणि जो अमेरिकेचा नागरिक वा कायमचा रहिवासी नसेल, अशा बहुतेकांना अमेरिकेने दारच बंद केले होते. म्हणजे मुलगा आईसाठी निघाला असता तर येऊ कदाचित शकला असता. आपल्या सहा वर्षांच्या मुलीकडे परत केव्हा जाईल हे कोणी सांगू शकत नव्हते. "हे तुमच्या कथेत दोन ओळींत मावले असते," त्यांनी लिहिले होते. "आणि त्या दोन ओळी आल्या असत्या तर तुमचा शेवट असा झाला नसता. म्हणूनच त्या आल्या नसाव्यात."

बाकीच्या वाचकांनी मात्र माझी पाठ थोपटली होती. पुण्याच्या एका वृद्ध बाईंनी फोन करून सांगितले, की ही कथा वाचून त्यांनी आपल्या मुलाचा फोन दोन रविवार उचलला नाही. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी गडबडून गेलो. सोलापूरच्या एका वाचकाने पोस्टकार्डावर लिहिले, 'चपराक छान बसली आहे.' ते कार्ड मला महिन्याभराने मिळाले, कारण त्यांनी पत्त्यात जिल्हा पुणे घातला होता. केडगावे दोन आहेत. एक पुण्याहून दौंडला जाताना लागते ते, रेल्वेचे स्टेशन असलेले आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमुळे जगाला ठाऊक झालेले. आणि दुसरे आमचे, नगरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की येणारे, रेणुकामातेचे. आमच्या केडगावाला जगात कोणी ओळखत नाही, नवरात्रात मात्र सारे नगर आमच्याकडे चालत येते. (नगर हे कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे, जिभेला वळण लागायला थोडा वेळ लागेल.)

त्या चुकलेल्या कार्डामुळे रमाबाईंचे पुस्तक पुन्हा काढून वाचले. अमेरिकेत दोन-अडीच वर्षे राहून आल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' छापले. तिथले शासन, शिक्षण, घरे, बायकांच्या चळवळी, सगळे एखाद्या चौकस गृहिणीने दुसरीचे घर पाहावे तसे त्यांनी पाहिले आहे. पुढे आपल्याकडे परदेशाची वर्णने पुष्कळ आली. गंगाधर गाडगिळांचे 'साता समुद्रापलीकडे' आले, १९६० साली पु. लं.ची 'अपूर्वाई' आली आणि लंडन-पॅरिस मराठी माणसाच्या ओसरीवर येऊन बसले. पण ही सारी परत येणाऱ्यांची पुस्तके. गेला आणि राहिला, त्याचे काय? लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. १९६५ साली अमेरिकेने आपला जुना देशवार वाटणीचा कायदा बदलला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. १९८१ साली तिथल्या मराठी मंडळांनी मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ काढले. ते लोक कथा लिहितात, अंक काढतात, अधिवेशने भरवतात. तरी इथल्या वाचकाच्या मनात परदेशी गेलेला मुलगा कोण, तर जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तल्या नाना-नानींचा. सत्तरीच्या दशकातले ते नाटक मी लहानपणी गावातल्या हौशी मंडळींनी केलेले पाहिले. म्हातारा-म्हातारी रंगमंचावर असतात आणि मुलगा अमेरिकेत असतो. प्रेक्षक जिथे बसतो तिथून त्याला मुलगा दिसतच नाही. दिसते ते वाट पाहणे. दळवी मोठे लेखक, त्यांनी ते वाट पाहणे असे उभे केले की पन्नास वर्षे झाली तरी आम्ही पाठीमागून आलेले लोक त्याच खुर्च्या मांडतो आहोत. मीही मांडल्या, आणि त्या माझ्याच आहेत असे समजून मांडल्या.

डॅलसच्या पत्राने माझ्या मनात जी चुळबूळ लावली तिच्यापायी मी तिकडच्या बाजूने लिहिलेल्या गोष्टी शोधू लागलो. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने झुंपा लाहिरी यांचे 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' पाठवून दिले. ह्या बाई बंगाली आईबापांच्या पोटी १९६७ साली लंडनला जन्मल्या, अमेरिकेत वाढल्या. १९९९ साली हा नऊ कथांचा संग्रह आला आणि पुढच्याच वर्षी त्याला तिकडचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शेजारी शब्दकोश घेऊन, दिवसाला चार पाने या चालीने मी ते पुस्तक एका उन्हाळ्यात पुरे केले. सावकाश वाचण्याचा एक फायदा असतो. शब्द अडला की माणूस तिथेच उभा राहतो आणि आजूबाजूला बघतो.

त्यातली 'मिसेस सेन्स' ही कथा वाचताना मी असाच एका जागी बराच वेळ उभा राहिलो. प्राध्यापकाची बायको अमेरिकेतल्या एका समुद्राकाठच्या गावात दुपारी एका परक्या मुलाला सांभाळते आणि जमिनीवर कागद पसरून भाजी चिरते. कशाने, ते लेखिकेने बारकाईने सांगितले आहे : लाकडी पाटाला बसवलेले वाकडे पाते, घरून आणलेले. शब्दकोशात काही सापडेना. मग एकदम लक्षात आले, अहो, ही विळी! माझ्या पाठीमागे आमच्या घरातली तीच वस्तू घेऊन बायको मेथी चिरीत बसली होती.

पुढची गोष्ट २०२३ च्या नवरात्रातली. आमच्या गल्लीच्या मंडळाचा भंडारा असतो. लापशी आचारी करतो, पण भाजी चिरायचे काम बायका आचाऱ्याला देत नाहीत. आदल्या रात्री मांडवात सतरंज्या टाकून वीस-पंचवीस जणी आपापल्या विळ्या घेऊन बसतात. विळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून पाटांवर नावे कोरलेली, कुणी रंगाचा ठिपका दिलेला. वांग्यांचे ढीग, बटाट्यांचे ढीग, मिठाच्या पाण्याची घमेली. मी हिशेबाची वही घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. कोणीतरी म्हणाले, "सर, नुसतं लिहिता काय, गोष्ट सांगा की." मी मिसेस सेनची गोष्ट सांगितली.

सांगताना माझा एक डाव होता, तो कबूल करतो. मिसेस सेन त्या मुलाला सांगते, की आमच्याकडे लग्न असले म्हणजे शेजारपाजारच्या बायका विळ्या घेऊन गच्चीवर गोल बसतात आणि रात्रभर गप्पा मारीत ५० किलो भाजी चिरतात. इथल्या शांततेत मला झोप येत नाही. हे या बायकांना, याच वेळी, याच अवस्थेत ऐकवायचे. एकीचा तरी पदर डोळ्यांना लागेल अशी माझी अटकळ होती. मी त्या ठिकाणी आवाज खाली आणला आणि थांबलो.

"पन्नास किलो म्हंजे काय लई न्हाई," एक आजी वांग्याचे देठ उडवीत म्हणाल्या. "आज आपलं ऐंशी हाये."

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. एवढी मोठी विळी विमानात नेऊ कशी दिली? तिच्या मालकाला मासे आणायला काय झालं होतं? समुद्राकाठी राहून बाईला मासा मिळत नाही हे काय खरं वाटतं का? गाडी शिकवणारा नवराच असला तर कुठल्या बाईला गाडी येईल? ह्या शेवटच्या प्रश्नावर मांडवात इतके हसू झाले, की मला गोष्ट थांबवावी लागली. हातातले काम एकीचेही थांबले नव्हते. मी कसाबसा शेवटाकडे आलो. मिसेस सेन एक दिवस माशांसाठी एकटीच गाडी काढते, मुलगा बरोबर असतो, वाटेत अपघात होतो. कुणाला फारसे लागत नाही. पण मुलाची आई त्या दिवसापासून मुलाला तिच्याकडे पाठवणे बंद करते.

पलीकडच्या टोकाला एक बाई बसली होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती कामाला जाते, गोष्टभर ती काही बोलली नव्हती. तिने विचारले, "मग ते पोरगं कुठं ठेवलं तिनं?"

"कुठेच नाही," मी म्हणालो. "त्याच्या गळ्यात दोऱ्याला बांधून घराची किल्ली दिली. शाळा सुटली की कुलूप उघडून एकटा घरात बसायचा."

तिने विळी पायाखालून काढली. "माझ्या पोराच्याबी गळ्यात किल्ली हाये," ती म्हणाली. "तुमी त्या दुसरीचंच सांगत बसला, सर. हिचं काय सांगितलंच न्हाई." आणि कोथिंबिरीची जुडी ओढून घेऊन ती पुन्हा कामाला लागली.

ती रात्र मी विसरलेलो नाही. देशाबाहेर गेलेल्या बाईची गोष्ट म्हणून मी ती वाचली, तशीच सांगितली. त्या अमेरिकन आईकडे मी पाहिलेही नव्हते. माझ्या लेखी ती सहानुभूती नसलेली, कोरडी, गोष्टीला लागते म्हणून असलेली बाई. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून पाहिले. लेखिकेने तिला कुठेही वाईट म्हटलेले नाही. दिवसभर नोकरी करणारी एकटी आई, एवढेच आहे. वाईट मी करून टाकले होते, सांगताना, आवाजाने.

वाचक कुठे बसून वाचतो हे लेखकाला कळत नाही, आणि तसे ते बरेच आहे. माझा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवतो. आमच्या जवळच्या अरणगावला मेहेराबाद आहे, अवतार मेहेरबाबांचे समाधिस्थान. १९६९ च्या ३१ जानेवारीला त्यांनी देह ठेवला. त्या तिथीला दरवर्षी अमरतिथीचा मेळा भरतो आणि जगभराची माणसे नगरच्या स्टेशनवर उतरतात. हा त्यांना रिक्षाने पोचवतो. त्याला मी त्याच पुस्तकातली, ज्या कथेवरून पुस्तकाला नाव पडले ती कथा सांगितली. कापसी नावाचा वाटाड्या एका अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबाला मोटारीने कोणार्कला नेतो. त्या कुटुंबातली बाई त्याला वाटेत एक गुपित सांगून टाकते, नवऱ्यालाही न सांगितलेले. मोठमोठ्या लोकांनी ह्या कथेवर लिहिले असेल, पण माझ्या विद्यार्थ्याने रिक्षाचा आरसा पुसत जे सांगितले ते मला पटले. "सांगतात, सर. मलापण सांगतात. इंग्रजी मला निम्मं कळतं म्हणूनच सांगतात." मग जरा थांबून त्याने विचारले, दिवसभराचं भाडं किती ठरलं होतं?

मेहेराबादचीच एक परदेशी बाई आमच्या केडगावच्या बाजारात भाजीला येते. केस पांढरे झालेले, अंगात सुती झगा, खांद्याला कापडी पिशवी. गवार कोवळी आहे का, हे ती आमच्यासारख्याच मराठीत विचारते आणि भावही आमच्यासारखाच पाडून मागते. अमेरिकन मिशनची माणसे १८३१ साली नगरात आली तेव्हापासून आम्हांला गोरी माणसे नवी नाहीत, त्यामुळे तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. मी इतक्या गोष्टी लिहिल्या, पण या बाईची वाट तिच्या गावात कोणी पाहत होते काय, तिला रविवारी कोणाचा फोन येतो काय, हे मनात आणले नाही. परदेशी जाणारा तो आपला. येणारा तो नुसता पाहुणा, असा काहीतरी हिशेब डोक्यात असला पाहिजे.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगितले पाहिजे. इतका वेळ मी इकडेतिकडे फिरत होतो, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

'रविवार'मधले आजोबा खरे आहेत. ते माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. आम्ही रोज संध्याकाळी फिरायला बरोबर जात असू. इस्त्रीचा सदरा आणि खाली पायजमा, हे मी त्यांच्या घरी पाहिले होते, तेच हसत म्हणाले होते, "सर, खालचा अण्णा केडगावचा, वरचा अमेरिकेचा." २०२१ च्या मे महिन्यात काकू गेल्या. ते दिवस कसे होते ते सर्वांना आठवत असेलच. अमरधामात मोजकीच माणसे जाऊ शकत होती. अण्णांबरोबर आम्ही तिघे होतो.

आणि मुलगा होता. अण्णांच्या फोनमध्ये तो होता. अण्णांचे हात थरथरत होते, म्हणून फोन मी धरला होता. तिकडे अपरात्र होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी तो फोन चितेकडे तोंड करून धरून उभा राहिलो. एकदा हात भरून आला म्हणून मी फोन खाली घेतला तेव्हा आतून आवाज आला, "सर, थोडं वर धरता का?" मी वर धरला.

कथेत मी लिहिले, की मुलगा आला नाही.

ते खोटे नव्हते. पण तो हात मी कथेतून काढून टाकला. का काढला? तो ठेवला असता तर पुढल्या रविवारी आजोबांनी फोन न उचलण्याला काही अर्थ उरला नसता, आणि तो शेवट तर मला आधीच सुचून बसला होता. डॅलसच्या गृहस्थांना ही हकीकत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी त्यांनी नेमके तिथेच बोट ठेवले.

अंक निघाला त्या दिवाळीपासून अण्णांचे फिरायला येणे बंद झाले. गुडघा दुखतो म्हणाले. मी समजलो. त्यांनी अंक वाचला हे मला वाचनालयाच्या शिपायाने सांगितले. दारावरून जाताना मी नमस्कार करी, तेही करीत. दोन घरांतून वाटीभर काही जाणे-येणेही चालू होते, तरी बोलणे असे नव्हते. दोन वर्षांहून अधिक काळ असा गेला. क्षमा मागावी असे शंभरदा मनात आले. पण गोष्टीबद्दल क्षमा मागायची म्हणजे 'तुम्ही तेच' असे तोंडावर सांगायचे, तो धीर होईना.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ते आपणहून काठी घेऊन दारात उभे राहिले. "चला," म्हणाले. पुण्याच्या रस्त्याने वाहनांच्या आवाजात बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग तेच बोलू लागले.

"तुमची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली, सर. तेव्हाच. आपल्या सरांनी लिहिलीय म्हणून कौतुकानं वाचायला घेतली. आधी मी वाचली नव्हती. सदऱ्याचं आलं तेव्हा दोघंही हसलो. मग पुढं काय येणार ते माझ्या लक्षात यायला लागलं."

मी खाली बघत चालत राहिलो.

"थांबता येईना. तो समोर ऐकत बसलेला. मग मी पान उलटलं आणि मनानंच वाचायला लागलो. तिला दवाखान्यात नेतात, ती बरी होते. विमानं सुरू झाल्यावर मुलगा येतो. नातीला घेऊन येतो. ती म्हणते, आजोबा, तुम्ही खाली पायजमा घातलाय. असं सगळं." ते काठी टेकून उभे राहिले. "तुमच्या गोष्टीत मी तिला बरं केलं, सर. रागावू नका."

मी काय बोलणार? मी एवढेच विचारले, "तो काय म्हणाला?"

"काही नाही. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, बाबा, शेवटचं परत एकदा वाचा. आता पहिल्यांदा काय बोललो ते मला शब्दाला शब्द थोडंच आठवत होतं! दुसऱ्यांदा थोडं निराळं झालं. त्याला कळलं असणार. पण तो काही बोलला नाही." मग थोडे पुढे गेल्यावर म्हणाले, "इतके दिवस तुमच्याशी बोलायची लाज वाटत होती. तुमची वस्तू मोडली म्हणून."

दोन वर्षे ते माझ्यावर रागावले आहेत असे मी समजत होतो! तो हात, तो फोन, ते 'थोडं वर धरता का' हे सारे तेव्हा त्यांना सांगावे असे माझ्या ओठांवर आले. पण ते त्यांना ठाऊकच होते. ते माझ्या शेजारी उभे होते की. कथेत ते का नाही, हे मात्र त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

या दिवाळीत मुलगा येतो आहे. कागदपत्रांचे सारे एकदाचे मार्गी लागले. नात आता न्याहारी करायची तर रविवारी सकाळी आठ वाजता केडगावातच करील. अण्णांनी घराला रंग काढला आहे. परवा ते विमानाची तारीख सांगायला आले होते, जाताना दारात वळून म्हणाले, "तो अंक मागेल हो तुमच्याकडे. त्यानं मला दोनदा विचारलंय, अंक सरांकडे असेल ना म्हणून."

माझ्याजवळ एकच प्रत उरली आहे. द्यावी की न द्यावी हे मी अजून ठरवलेले नाही. आमच्या घरात कपाटाला कुलूप नाही, म्हणून काल ती शाळेत नेऊन माझ्या टेबलाच्या खणात, नकाशांच्या गुंडाळीखाली ठेवली आहे.